उजव्या पायाची प्रगती

सोमवार, ४ ऑगस्ट

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं आजारपणात लिहितात. शिवाय पडल्या पडल्या दुसरं काही करता येत नाही.

परिस्थिती थोडक्यात. डाव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं, टाके निघाले. कारण: स्टूल. घरी पंखा बसवायला आलेल्या इलेक्ट्रिशियनला नट कसा आवळायचा ते मी स्टुलावर चढून दाखवत होतो. पंख्यांच्या कंपनीत सेल्स मॅनेजर आहे, दाखवणं माझं कर्तव्यच होतं. स्टूल हललं. इलेक्ट्रिशियन म्हणतो, स्टूल हललं नाही. पंखा त्यानेच नंतर बसवला, चांगला फिरतो म्हणे. मी अजून पाहिलेला नाही, कारण पंखा तिसऱ्या मजल्यावर आहे आणि मी तळमजल्यावर.

बिल्डिंगला लिफ्ट नाही. हॉस्पिटलातून आणलं त्या दिवशी मेहुणा मला खुर्चीसकट वर न्यायला तयार होता. तो जिमला जातो. जड वस्तू दिसली की त्याचे डोळे चमकतात. मी साफ नकार दिला. माणूस आपल्या घरी आपल्या पायांनी जातो. म्हणून तात्पुरता मुक्काम सासूबाईंकडे, त्या याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतात. त्यांचेही गुडघे दुखतात, कित्येक वर्षांत जिना चढलेल्या नाहीत. म्हणजे बायको वर एकटी, आणि मी तिच्या आईसोबत खाली.

१२ सप्टेंबरला लग्नाला पंचवीस वर्षं होतात. बायको म्हणाली, वर घरीच जेवण ठेवते, जवळची चार माणसं बोलावते, तोवर जिना चढता येईल ना. येईल म्हणालो. म्हणाली, नक्की ना. असं दोनदा विचारायची तिला सवय आहे, कारण लग्नाच्या वाढदिवसाला मी बहुतेक टूरवर असतो. सप्टेंबर म्हणजे तिमाहीची अखेर, त्याला कुणाचा इलाज नाही. पण यंदा मी बिल्डिंगमध्येच आहे.

टार्गेट: १२ सप्टेंबर, संध्याकाळी सात, तिसरा मजला. स्वतःच्या पायांनी.

बुधवार, ६ ऑगस्ट

फिझिओ मॅडम आल्या. वयाने लहान, आवाज हेडमास्तरांचा. सोबत छोटं यंत्र, वायरी आणि चिकटणारे चार पॅड. म्हणाल्या, ऑपरेशननंतर मांडीचा स्नायू झोपून जातो, त्याला करंटने उठवायचं. डाव्या मांडीवर पेनाने खुणा केल्या आणि पॅड कुठे लावायचे ते दाखवलं. यंत्र घरीच ठेवून गेल्या. रोज वीस मिनिटं.

आणखी एक सांगितलं की करंट आला की त्याच वेळी मीही स्नायू आवळायचा, गुडघा गादीत दाबायचा. यंत्र फक्त सुरुवात करून देतं, काम तुम्हालाच करायचंय. मी मान हलवली. जुन्या पद्धतीचं शिक्षण झालेलं दिसतं. स्नायू करंटने आवळला जात असेल तर तोच तो पुन्हा मी कशाला आवळायचा?

सासूबाई समोर बसून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, माझ्या गुडघ्याच्या दुखण्यावर हे चालेल का. मॅडमनी तपासून सांगितलं, चालेल, त्याचं सेटिंग वेगळं, नुसत्या मुंग्या येतील आणि थोडा वेळ दुखणं कमी होईल. पण त्या थोड्या वेळात व्यायाम केला तरच उपयोग. त्यांना दोन व्यायाम दाखवले. या वयात त्यांना कशाला आशा लावायची, असं वाटलं. 

गुरुवार, ७ ऑगस्ट

पॅड लावले, यंत्र सुरू केलं. डावा पाय ढिम्म. नीट निरखून पाहिलं तेव्हा किंचित थरथर दिसली. करंट वाढवला. स्नायू हलला नाही, मी हललो. तोंडातून एक शब्द गेला. सासूबाईंनी रेडिओचा आवाज मोठा केला.

शनिवार, ९ ऑगस्ट

महत्त्वाचा दिवस.

डावा पाय तिसऱ्या दिवशीही ढिम्म. यंत्रच बिघडलंय का, हे तपासायला पॅड काढून उजव्या मांडीला लावले. काय तो रिस्पॉन्स! मांडी दगडासारखी टणक झाली, पाय आपोआप ताठ झाला आणि समोरच्या स्टुलावरचा चहा उडाला. यंत्र उत्तम आहे. दोष डाव्याचा.

दुपारभर विचार केला. इतक्या वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट शिकलो. जो माणूस धंदा आणतो त्याच्यावर खर्च करायचा. जो नुसता बसून असतो त्याला इन्सेंटिव्ह देऊन काय उपयोग? फिझिओ मॅडमना शरीर कळतं, मॅनेजमेंट कळत नाही. निर्णय: यापुढे पॅड उजव्या पायाला. डावा शेजारीच असतो, बघेल. बघून त्याला लाज वाटेल.

सासूबाई समोर भाजी निवडत होत्या. मी पॅड उजवीकडे लावताना त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग भाजीकडे पाहिलं. कौतुक वाटलं असावं.

मंगळवार, १२ ऑगस्ट

नवीन पद्धत उत्तम चालू आहे. उजवा रोज मस्त उड्या मारतो. मी त्या वेळात पेपर वाचतो. पडल्या पडल्या व्यायाम होतोय आणि जगाची माहितीही होतेय.

सासूबाई ओट्याला धरून टाचा उचलतात. मग खुर्चीतून उठतात, बसतात, उठतात, बसतात. धाप लागते. मी म्हणालो, तुमच्या वयाला एवढं कशाला. म्हणाल्या, खरंच हो, कशाला. आणि पुन्हा उठल्या.

बुधवार, १३ ऑगस्ट

फिझिओ मॅडम यायच्या आधी त्यांच्या समाधानासाठी पॅड डाव्या पायाला लावून बसलो. विचारलं, रोज करता ना? म्हणालो, एक दिवस चुकवलेला नाही. हे शंभर टक्के खरं आहे.

गेल्या वेळेसारख्या टेपने दोन्ही मांड्या पुन्हा मोजल्या. उजवी वाढली, डावी होती तेवढीच. त्यांच्या भुवया आक्रसल्या. म्हणाल्या, सगळा भार उजव्यावर टाकताय. मी लक्षात आणून दिलं की दोन्ही मिळून पाहिलं तर ग्रोथ आहे. म्हणाल्या, मांड्यांची बेरीज करत नाहीत. नसतील करत. आमच्याकडे सगळ्या रीजनच्या विक्रीची करतात, म्हणून तर कंपनी उभी आहे.

करंट आला की मी पाय आवळत नाही, हे त्यांना हात लावल्यावर कळलं. दहा मिनिटं उभं राहून आवळून घेतलं. रात्री डावा पाय ठणकत होता. म्हणजे त्यांची पद्धत घातक आहे. सुदैवाने पुढच्या आठवड्यापासून त्या रजेवर जातायत. १० सप्टेंबरला परत. तोवर अडचण आली तर फोन करा म्हणाल्या. अडचण कसली?

रविवार, १७ ऑगस्ट

बायको डबा घेऊन खाली आली. हॉल रंगवून झाला. रंग कुठला ते विचारलं तर म्हणाली, वर आलात की बघाच. खिडकीजवळची माझी खुर्ची तात्पुरती आतल्या खोलीत हलवली आहे. तिच्या जागी झाड ठेवलंय. छान उजेड मिळतो म्हणे त्याला.

डबा दिला, आईचे पाय चेपले, पंधरा-वीस मिनिटं बसली आणि गेली. ती वर गेली की पावलांचा आवाज येत राहतो. मग आमचं दार उघडतं, बंद होतं. ते ऐकलं की मला करमत नाही. हे इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचणार नाही. वर एकटीला करमतं का तुला, असं आज विचारलं. म्हणाली, शांत झोप लागते.

घोरण्याचा विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

सासूबाईंना मुंग्यांचं सेटिंग हवं होतं. यंत्र जास्त वापरलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं सुचवून पाहिलं. म्हणाल्या, माझंही होतंय. दिलं.

त्यांनी गुडघ्याला पॅड लावून मुंग्या घेतल्या, पॅड काढले आणि लगेच उठबस सुरू केली. दुखणं कमी झालं तर माणसाने जरा आराम करावा. पण सांगणार कोण? सासूबाई आहेत, काही बोलायला गेलं तर गैरसमज व्हायचा.

गुरुवार, २८ ऑगस्ट

उजवी मांडी पायजम्यात घट्ट बसू लागली. बायकोच्या लक्षात आलं. म्हणाली, एकच पाय कसा काय घट्ट होतो, सूज नाही ना? मी म्हणालो, ग्रोथ. ती माझ्याकडे बघत राहिली. पंचवीस वर्षांनीसुद्धा नवऱ्यात बघण्यासारखं काही आहे, याचं समाधान वाटलं.

सासूबाई आज कठडा धरून जिन्याच्या चार पायऱ्या चढल्या आणि उतरल्या. टाळ्या वाजवल्या मी. म्हातारी माणसं, तेवढ्यावर खूश होतात.

मंगळवार, २ सप्टेंबर

जिन्याची ट्रायल घ्यायची होती. जिना नुकताच पुसलेला. रद्द.

बुधवार, ३ सप्टेंबर

जिना कोरडा होता. बूट वर आहेत. चपलेने ट्रायल घेणं शास्त्राला धरून नाही.

गुरुवार, ४ सप्टेंबर

सासूबाई पहिल्या मजल्यावर शेजारणीकडे चहा पिऊन आल्या. चपलेने.

संध्याकाळी मेहुणा आला. फर्निचर हलवणारे वापरतात तसला रुंद पट्टा घेऊन. म्हणाला, दाजी, खुर्चीला हा बांधला की मी आणि आणखी एक जण, पाच मिनिटांत वर. मी म्हणालो, गरज पडणार नाही. त्याने पट्ट्यावरून हात फिरवला, घडी घातली आणि दाराजवळच्या खिळ्याला अडकवून गेला. वाईट वाटलेलं दिसलं.

सोमवार, ८ सप्टेंबर, सकाळी ११

ट्रायल यशस्वी!

पद्धत: कठडा धरायचा, उजवा पाय वरच्या पायरीवर, उजव्याने सगळं शरीर उचलायचं, मग डाव्याला शेजारी आणून उभं करायचं. उजव्याने काय उचललं! डावा नुसता सोबत आला, ऑफिसच्या सहलीला येतात तसा. दोन पायऱ्या चढलो आणि थांबलो. जे दोन पायऱ्यांना लागू ते सगळ्यांना लागू. उरलेलं काम म्हणजे नुसती पुनरावृत्ती.

बायकोला फोन करून कळवलं. म्हणाली, दोनच? मी म्हणालो, सँपल.

बुधवार, १० सप्टेंबर

फिझिओ मॅडम रजेवरून परत. मीच फोन करून शनिवारी या म्हणालो. तिसऱ्या मजल्यावर या, असंही सांगणार होतो. पण सरप्राइजची मजा वेगळी.

बायको दोन दिवस गडबडीत आहे. आज डबा द्यायला आली तेव्हा जायच्या आधी जरा थांबली. म्हणाली, नसेल जमणार तर आत्ताच सांगा, मी सगळं खाली आईकडे मांडते, मला काही वाटणार नाही. आवाजावरून वाटणार होतं. मी म्हणालो, एका पायावर तयार आहे. हसली नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर, दुपारी ४

सगळी तयारी झाली. शर्टाला इस्त्री. बूट मागवून घेतले. भेट म्हणून कंपनीचं नवीन टेबल फॅनचं मॉडेल, आवाज अजिबात करत नाही. ते मेहुण्याबरोबर वर पाठवलं. उचलायला काहीतरी मिळाल्याने तोही खूश. जाताना खिळ्यावरचा पट्टाही घेऊन गेला.

उजव्या पायाला खास इन्सेंटिव्ह म्हणून आज करंट दोनदा घेतला, तोही नेहमीपेक्षा वाढवून. परीक्षेच्या दिवशी हात आखडता घ्यायचा नसतो. मांडी अजून आतून उडतेय. जोश आहे.

सासूबाईंना म्हणालो, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, मी वरून तुमच्यासाठी ताट पाठवतो. म्हणाल्या, बघू.

संध्याकाळी ६.१५

निघतो. माणसाने वेळेच्या आधी पोचावं. या घरात आता परत येणं नाही, म्हणून यंत्राला एक नमस्कार केला.

शनिवार, १३ सप्टेंबर, सकाळी

सासूबाईंच्या घरूनच लिहितोय.

पहिला मजला उत्तम गेला. वेळ लागला, पण गेला. शेजारीण दारात येऊन वा वा म्हणाली, मी हात हलवला. तिथून दुसऱ्या मजल्याकडे निघालो. जिना वळतो तिथे मध्ये एक चौकोन आहे. त्या चौकोनावर उजवा पाय टेकला आणि उजव्या मांडीत गोळा आला.

असा गोळा मी जन्मात अनुभवलेला नाही. पाय ताठ. ज्याच्यावर सगळा भरवसा टाकला त्याने ऐन तिमाहीच्या अखेरीला राजीनामा दिला. डाव्याकडे वळलो. डाव्यावर भार टाकला तर तो लटपटला आणि दुमडला. त्याचंही बरोबर होतं. त्याला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. मी कठड्याला धरून खाली बसलो.

मेहुणा वरून धावत आला. गळ्यात पट्टा. मी ओरडून सांगितलं, हात लावायचा नाही, दोन मिनिटांत उठतो. तो परत गेला. दोन मिनिटं झाली. पाहुणे मला ओलांडून वर जायला लागले. प्रत्येकाने अभिनंदन केलं.

मग खालून पावलं आली. सावकाश, एका लयीत. सासूबाई. ठेवणीतले कपडे, केसांना तेल, एक हात कठड्यावर. माझ्याजवळ थांबून दम घेतला. म्हणाल्या, जावईबापू, पाय दुखतोय का? म्हणालो, हो. म्हणाल्या, उजवाच ना? रोज त्यालाच लावत होतात, दमला असेल.

मी विचारलं, तुम्हाला ते चूक वाटत होतं तर बोलला का नाहीत? म्हणाल्या, आधी वाटलं मॅडमनीच नंतर फोनवर तसं सांगितलं असेल. नंतर कळलं की तसं नाही. पण जावयाच्या पायाबद्दल सासूने काय बोलायचं? पंचवीस वर्षांत तुम्हाला कधी कशावरून बोलले नाही, आता पायावरून कुठे सुरू करू? असं म्हणून त्यांनी कठडा धरला आणि पुढची पायरी चढल्या.

थोड्या वेळाने वरून टाळ्यांचा आवाज आला. क्षणभर वाटलं, माझ्यासाठी.

मग बायको खाली आली. नवे कपडे, हातात एकाच बशीत केकचे दोन तुकडे. माझ्या शेजारी पायरीवर बसली. जिन्यातला दिवा आपोआप बंद होणारा आहे, तिने मध्येच हात वर करून तो पुन्हा लावला. मी म्हणालो, उद्या नक्की येतो. तिने माझा तुकडा माझ्या हातात दिला. आम्ही केक खाल्ला. मग ती म्हणाली, पंचवीस वर्षांत यंदा तुम्ही सगळ्यात जवळ आलात.

रागाने म्हणाली असती तर उत्तर देता आलं असतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मांडीतला गोळा एव्हाना गेलेला होता, त्यामुळे दुसरं कारण सांगता आलं नाही.

मी स्वतःहून मेहुण्याला हाक मारली. म्हणालो, आण खुर्ची, वर ने. तो हात पुसत आला. म्हणाला, दाजी, आता पोटभर जेवलोय, या पोटावर वर चढवणं जमणार नाही. खाली उतरवू शकतो.

त्याने खाली उतरवलं.

दुपारी ३

फिझिओ मॅडम आल्या. सगळं सांगून टाकलं. हसल्या नाहीत. बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या, खांदे हलत होते. मग टेप काढली. उजव्या मांडीचा आकडा सांगताना म्हणाल्या, हा पाय कुणाला दाखवला तर तुम्ही सायकलपटू वाटाल. डाव्याबद्दल काही म्हणाल्या नाहीत. डाव्या मांडीवर पुन्हा पेनाने खुणा केल्या, या वेळी न पुसणाऱ्या पेनाने. उजव्या मांडीवर मोठी फुली मारली.

विचारलं, किती दिवस? म्हणाल्या, जेवढे वाया घालवलेत तेवढे तरी. मी बेरीज केली नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

सासूबाई खाली आलेल्या नाहीत. उतरताना गुडघ्यांवर जास्त जोर येतो, म्हणून मॅडमनी काल वर जाऊन त्यांना काही दिवस वरच राहायला सांगितलंय. माझ्या पलंगावर झोपतात, नव्या पंख्याखाली. दोघी मायलेकींना छान झोप लागते. खोलीत आवाज म्हणून नाही, असं बायको म्हणाली. डबा आता मेहुणा आणतो.

पॅड लावले. करंट सुरू केला. काही हललं नाही. तेव्हा मॅडमनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं तसं, करंट आला की मीही जोर लावून गुडघा गादीत दाबला. दुखलं. पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा हाताखाली काहीतरी हललं, अगदी जरासं, पण ते यंत्राचं नव्हतं. एवढंच.

तेवढ्यात वरून हाक आली. खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं तर सासूबाई आमच्या बाल्कनीत, माझ्या खुर्चीत. तिसऱ्या मजल्यावरून विचारलं, जावईबापू, आज कुठल्या पायाला?

एकदा बोलायला सुरुवात केली म्हटल्यावर त्या आता थांबणार नाहीत. पहिल्या मजल्यावरची शेजारीण बाहेर आली. दुसऱ्या मजल्यावरचेही आले. सगळे थांबून होते. मी सांगितलं, डाव्या. दुसऱ्या मजल्यावरच्यांना ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं.